शाळामास्तर ओहम आणि माझी प्रयोगवही

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा ग्रुपवर निरोप आला तेव्हा सहलीच्या, स्नेहसंमेलनाच्या आठवणी माझ्याकडेही होत्या. पण त्या तुम्ही सगळे लिहिणारच. मी लिहिते आहे जॉर्ज ओहम यांच्याविषयी. का, ते शेवटी कळेल.

आपल्यासाठी ओहम म्हणजे फळ्यावरचा एक त्रिकोण होता. वर विभवांतर, खाली विद्युतधारा आणि रोध. हवे ते बोटाने झाका, सूत्र तयार. त्या त्रिकोणामागे एक शाळामास्तर आहे, हे मला इंजिनिअरिंग संपल्यावर कधीतरी कळले.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. शाळेत न जाता स्वतः शिकलेले, आणि मुलांना गणित-विज्ञान घरीच शिकवणारे. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली. विद्यापीठात गेल्यावर जॉर्जरावांचे लक्ष नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या स्केटिंगकडे जास्त लागले. वडील चिडले आणि त्यांनी मुलाला तिथून काढले. मग स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताची मास्तरकी सुरू झाली. पुढे १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, पण पोटापाण्यासाठी शाळाच राहिली. १८१७ मध्ये ते कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायला लागले. तिथे प्रयोगशाळा चांगली होती. शिकवून झाल्यावर ते तिथे बसत.

प्रश्न साधा होता. तार जसजशी लांब होईल, तसतशी धारा किती कमी होते? १८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध छापला आणि त्यातले सूत्र चुकीचे निघाले. तेव्हाची बॅटरी जोडल्याबरोबर जोर दाखवायची आणि लगेच ढेपाळायची, त्यामुळे मोजमाप डळमळीत होते. पोगेनडॉर्फ यांनी त्यांना सल्ला दिला की बॅटरी सोडून तापविद्युत युग्म वापरा. ओहम यांनी बिस्मथ आणि तांब्याची जोडणी केली. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विजेचा रेटाही कायम. वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून त्यांनी धारा मोजली, आणि १८२६ मध्ये स्वतःचेच आधीचे सूत्र बाजूला ठेवून नवे छापले. त्यात बाहेरच्या तारेचा रोध होताच, पण वीज देणाऱ्या साधनाचा आतला रोधही वेगळा धरला होता. हा बारकावा लक्षात ठेवा.

१८२७ मध्ये पुस्तक आले. त्यावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांना आशा होती. जर्मनीत टीकाच जास्त झाली. त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये बेताच्या मिळकतीवर शिकवत काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले, तेव्हा कुठे मान मिळू लागला. म्युनिकला भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी ते गेले. रोधाच्या एककाला दिलेले त्यांचे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत मान्य झाले. ते पाहायला ते नव्हते.

आता माझी गोष्ट. आपण नववीत होतो, चिरनेरचा हुतात्मा दिन नुकताच झाला होता. सरांनी दहा ओहमची तार दिली होती. एक, दोन, तीन सेल जोडा, विभवांतर आणि धारा मोजा, भागाकार करून रोध काढा, गुणाकार करून शक्ती काढा. व्होल्टमीटर एकच, आणि तो दुसऱ्या गटाकडे. मी प्रत्येक सेलचे दीड व्होल्ट धरले. तीन सेलचे साडेचार. धारा आली ०.३६ अँपिअर. भागाकार साडेबारा ओहम! उत्तर दहा यायला हवे होते. मी खोडरबर घेतले आणि ०.३६ चे ०.४५ केले. रोध बरोबर दहा, शक्ती २.०२५ वॅट, आलेख पट्टीसारखा सरळ. सरांनी वही वर्गात फिरवली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती उतरवली.

खरे तर ॲमीटर चुकला नव्हता. सेल जुने होते, त्यांचा आतला रोध वाढलेला. मी व्होल्टमीटरची वाट पाहिली असती तर तारेवर ३.६ व्होल्ट दिसले असते. ३.६ भागिले ०.३६, म्हणजे दहाच. तारेतली शक्ती मात्र ३.६ गुणिले ०.३६, म्हणजे जेमतेम १.३ वॅट. बाकीची सेलच्या आत उष्णता होऊन जात होती. ओहम यांनी वेगळा धरलेला रोध माझ्या टेबलावर हजर होता, आणि मी तो पुसून टाकला.

आज माझ्या टीममधली मुले कधी कधी न जुळणारा आकडा गुपचूप जुळवून आणतात. मी त्यांना रागावत नाही. आधी मोजमाप परत करू, एवढेच म्हणते, कारण ते खोडरबर मला आठवते.

सर, मेळाव्याला तुम्ही येणार आहात असे कळले. त्या वहीला तुम्ही दहापैकी दहा दिले होते. ते मी परत करते आहे. जमले तर प्रयोगशाळा उघडून ठेवा. सेल मी आणते, आणि या वेळी व्होल्टमीटरसुद्धा.