अहिल्याबाई होळकर आणि महेश्वरचे माग

परळीच्या वैद्यनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला, हें आपल्या गांवचें मूल न् मूल सांगतें. परंतु अशा कामांस द्रव्य कोठून आलें, असें फारसें कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर विद्यार्थिनींनीं विशेष जाणून घेण्याजोगें आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं चौंडी येथें झाला. हें गांव आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारींच आहे. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत त्यांचे पति खंडेराव धारातीर्थीं पडले. थोर घराण्यांतील विधवेनें चितेवर चढावें, नाहीं तर कोपऱ्यांत आयुष्य कंठावें, अशी त्या काळची रीत होती. सासरे मल्हारराव यांनीं मात्र सुनेस सती जाण्यापासून परावृत्त केलें आणि दौलतीचे हिशेब, रसद व तोफखाना यांचीं कामें तिच्यावर सोंपविलीं. १७६६ सालीं सासरे व १७६७ सालीं पुत्र मालेराव निवर्तल्यावर राज्याची धुरा त्यांनींच वाहिली.

होळकरांच्या घरीं एक विशेष होता. १७३४ सालीं बाजीराव पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगी जहागीर दिली होती. स्त्रीच्या स्वतःच्या नांवाचें हें उत्पन्न पुढें अहिल्याबाईंकडे आलें. सरकारी खजिना निराळा व खासगी निराळी, हा भेद त्यांनीं कसोशीनें पाळला. देवळें, घाट, विहिरी यांचा खर्च खासगींतून होई.

परंतु केवळ दान देऊन त्या थांबल्या नाहींत. नर्मदातीरीं महेश्वर येथें राजधानी केल्यावर त्यांनीं बाहेरगांवचे कुशल विणकर आणून वसविले. पाहुण्यांस भेट देण्याच्या साड्या व पागोट्यांचें कापड तेथें विणलें जाऊं लागलें. १३ ऑगस्ट १७९५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. कालांतरानें त्या धंद्यास उतरती कळा लागली. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेहवा या संस्थेनें त्यास पुन्हां सांवरलें. आज महेश्वरांत अनेक स्त्रिया मागावर बसून स्वतःची कमाई करितात.

अहिल्याबाई राणी होत्या. सामान्य स्त्रीपाशीं तसें भांडवल कोठून असणार, असें कोणी म्हणेल. तें खरें. तथापि त्यांस राज्यापूर्वीं मिळालें तें शिक्षण, हिशेबाचें काम आणि वडील माणसाचा विश्वास. पालकहो, मुलीस शाळेंतून काढण्यापूर्वीं याचा विचार करावा. तिच्या हातीं अक्षर, जमाखर्चाची वही आणि स्वतःच्या नांवाचें थोडें द्रव्य असूं द्यावें. त्यांतून कोणता उद्योग उभा राहील, हें आज कोणी सांगावें?