फादर गोरे व पश्चात्तापाचा रोजमेळ

मनुष्य आपलें मत बदलतो तेव्हां त्याला काय किंमत द्यावी लागते, याचा विचार आमचा समाज क्वचितच करतो. मत कां बदललें हें विचारण्यापूर्वींच तो निकाल देऊन मोकळा होतो. अशा एकतर्फी निकालास बळी पडलेल्या थोर पुरुषांत नीळकंठशास्त्री गोरे, ऊर्फ फादर नेहेम्या गोरे, यांची गणना केली पाहिजे. चंद्रपुरास चांदा म्हणत आणि गडचिरोलीचें अरण्यही त्याच जिल्ह्यांत मोडत असे, त्या काळीं, म्हणजे १८७० नंतरच्या वर्षांत, तेथील स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चच्या मिशनांत त्यांनीं कांहीं काळ काम केलें. यास्तव या भागांतील वाचकांस तरी हें चरित्र परकें वाटूं नये.

शास्त्रीबोवांचा जन्म १८२५ सालीं बुंदेलखंडांत एका चित्पावन कुटुंबांत झाला. अध्ययन काशीस झालें. जॉन म्यूर यांनीं ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदुधर्मावर आक्षेप घेतले, तेव्हां या तरुण पंडितानें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचून त्यांस उत्तर दिलें. पाद्री विल्यम स्मिथ यांच्याकडेही ते प्रथम गेले ते वाद जिंकण्यासाठींच. परंतु प्रतिपक्षाचे ग्रंथ ते स्वतः वाचूं लागले, आणि आपलाच पक्ष त्यांस लंगडा वाटूं लागला. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८५३ सालीं कन्या एलेन हिच्या जन्मानंतर लवकरच पत्नी लक्ष्मीबाई वारली, आणि पोर परक्यांच्या घरीं वाढली.

येथवर कथा धर्मांतराची. पश्चात्तापाची कथा पुढेंच आहे. बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झालें, असें मानून स्वस्थ बसणारा हा पुरुष नव्हता. १८६० सालीं त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध झाला व विद्वानांत त्यांचें नांव झालें. तरी चित्ताची तळमळ शमली नाहीं. ज्या चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयानें ते ख्रिस्ती झाले, तिची शिकवण त्यांस अपुरी वाटली. पापांगीकार, संस्कार व वैराग्य यांवर भर देणाऱ्या इंग्लंडच्या चर्चांतील दुसऱ्या परंपरेकडे ते वळले. १८६८ सालीं ते डीकन व १८७० सालीं धर्मगुरु झाले. १८७६ सालीं ऑक्सफर्डनजीकच्या कौली येथील विरक्त मंडळांत उमेदवार म्हणून दाखल झाले. अखेरची दीक्षा मात्र त्यांनीं कधींच घेतली नाहीं. शंकांनीं त्यांची जन्मभर पाठ धरली होती. १८९५ सालीं ते वारले तेव्हांही ते उमेदवारच होते.

त्यांच्या विचारांचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. बाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याही तेथेंच थांबल्या नाहींत. १९०५ सालीं केडगांवच्या त्यांच्या मुक्तिसदनांत शेंकडों मुली आपलीं पातकें आठवून रडल्या व प्रार्थना करूं लागल्या, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

षड्दर्शनांविषयीं शास्त्रीबोवांनीं केलेला निवाडा आम्हांस मान्य नाहीं. परंतु स्वतःविरुद्ध इतक्या सक्तीनें पुरावा तपासणारा न्यायाधीश विरळा, हें आम्हांस कबूल करणें भाग आहे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला. शेजाऱ्याचा स्नेह राखून देणारा कायदा मात्र कोणत्याही सरकारास करतां येत नाहीं. तें काम समाजाचें आहे.

आमचे व्यापारी बंधु जाणतात कीं, दिवाळीस वहीपूजन केलें म्हणून वर्षाचा हिशेब आपोआप जुळत नाहीं. रोजमेळ रोजच घालावा लागतो. पश्चात्तापाचेंही तसेंच आहे. देवळांत जाणारा असो कीं देवालयाकडे न फिरकणारा सुधारक असो, एकदां शपथ घेऊन ज्यानें वही मिटली, त्याचें दिवाळें निघण्यास उशीर लागत नाहीं. फादर गोरे यांनीं ती मरेपर्यंत उघडी ठेवली. त्यांचा धर्म आम्ही घ्यावा असें नाहीं. ती वही मात्र प्रत्येकानें घ्यावी.