डॉ. पांडुरंग खानखोजे

मेक्सिको हा देश भारतापासून फार दूर आहे. मका हे तेथील लोकांचे मुख्य अन्न. आपण ज्वारी-बाजरीची भाकरी खातो, तशी ते मक्याची पातळ भाकरी खातात. या दूरच्या देशातील गरीब शेतकऱ्यांना मक्याचे चांगले पीक घ्यायला शिकवणारा एक शास्त्रज्ञ महाराष्ट्रातला होता. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

पांडुरंगांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. विदर्भातील शेती बहुतेक पावसावरच अवलंबून असे. त्यांच्या लहानपणी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, त्या भागात भयंकर दुष्काळ पडले. पिके करपली. असंख्य माणसे व जनावरे मेली. देशावर इंग्रजांचे राज्य होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुण पांडुरंग भारावून गेले. देश स्वतंत्र करायचा, असा त्यांनी निश्चय केला.

१९०६ च्या सुमारास त्यांनी घर सोडले. बोटीने ते जपानला गेले आणि तेथून अमेरिकेला पोहोचले. जवळ पैसा नव्हता. पडेल ते काम करून ते शेतीशास्त्र शिकले. त्याच काळात अमेरिकेतील भारतीयांनी गदर पक्ष स्थापन केला. लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजेही त्या कामात पुढे होते. १९१३ साली पक्षाचे 'गदर' हे वर्तमानपत्र निघाले. त्याचा पहिला अंक उर्दू भाषेत होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. खानखोजे तुर्कस्तान आणि इराणमध्ये गेले. तेथे ते इंग्रजांविरुद्ध लढले, पण त्यांना यश आले नाही. आता मायदेशी परतणे म्हणजे तुरुंगात जाणे होते. आईवडिलांचे घर, वर्ध्याची माती, सारे दुरावले.

१९२४ साली ते मेक्सिकोला गेले. अमेरिकेत असताना मेक्सिकोच्या शेतमजुरांशी त्यांची ओळख झाली होती. त्या देशात नुकतीच मोठी क्रांती झाली होती. बड्या जमीनदारांच्या जमिनी गरिबांना वाटल्या जात होत्या. पण नुसती जमीन मिळून पोट भरत नाही. चांगले बियाणे हवे आणि शेतीचे ज्ञानही हवे. खानखोजे चापिंगो येथील शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि या कामाला लागले.

मक्याच्या झाडाच्या शेंड्याला तुरा येतो. तुऱ्यातील पराग वाऱ्याबरोबर उडतात आणि कणसाच्या रेशमासारख्या केसांवर पडतात. मग कणसात दाणे भरतात. वारा कोणत्याही झाडाचे पराग आणतो. त्यामुळे चांगल्या व वाईट जाती एकमेकींत मिसळून जातात. म्हणून कोणत्या झाडाचे पराग कोणत्या कणसावर पडावेत, हे शास्त्रज्ञ स्वतः ठरवतात. निवडलेल्या झाडांचा असा संकर करून खानखोजे यांनी मक्याच्या नव्या जाती तयार केल्या. मक्याच्या एका रानटी भाईबंदाशीही त्यांनी मक्याचा संकर केला. थंडी आणि पाण्याची टंचाई सहन करतील अशा जाती शोधण्यासाठी त्यांनी गव्हावरही प्रयोग केले.

हे ज्ञान विद्यालयातच राहिले असते, तर त्याचा शेतकऱ्यांना काय उपयोग? खानखोजे यांनी शेतकऱ्यांसाठी खेड्यापाड्यांत मोफत शेतीशाळा सुरू केल्या. तेथे फी नव्हती. दिवसभर राबणारे शेतकरी या शाळांत येत. बियाणे कसे निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा, हे ते शिकत.

दिएगो रिवेरा हे मेक्सिकोचे थोर चित्रकार. त्यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक चित्र काढले. त्यात सर्वांबरोबर जेवणाच्या मेजावर बसून भाकरी वाटणारा माणूस आहे. त्याचा चेहरा खानखोजे यांचा आहे.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला. १९४९ साली मध्य प्रांत सरकारने शेतीविषयी सल्ला देण्यासाठी खानखोजे यांना बोलावले. चाळीसहून अधिक वर्षांनी ते स्वतंत्र मायदेशात आले. तरुणपणी घर सोडून गेलेले पांडुरंग आता वृद्ध झाले होते. ज्या मातीसाठी ते शिकले, तिच्यासाठी राबण्याची उमेदीची वर्षे परदेशातच संपली होती. तरीही ते निराश झाले नाहीत. पुढे ते नागपुरात राहिले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

२०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. आपल्या देशासाठी मिळवलेली विद्या त्यांनी परक्या देशातील गरिबांना दिली. भुकेलेला माणूस कोणत्या देशाचा आहे, हे त्यांनी कधी पाहिले नाही.