शेवटच्या गोळीनंतर

१९९६ साली माझी बदली चाकणला झाली. त्या काळचे चाकण अर्धे कांद्याचे आणि अर्धे कारखान्यांचे होते. मार्केट यार्डाकडे निघालेल्या कांद्याच्या गाड्या आणि औद्योगिक वसाहतीकडे कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या सकाळी एकाच चौकात एकमेकींना अडवून उभ्या राहत. गावात संग्रामदुर्गाचे पडके बुरूज होते. १६६० साली शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा छोटासा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो मोगलांच्या हाती पडला. रोज त्या बुरुजांवरून जाताना माझ्या मनात मात्र थकलेल्या हप्त्यांचे हिशेब असत.

आमच्या शाखेच्या दाराशी दुनळी बंदूक घेऊन एक निवृत्त हवालदार बसत. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते बाहेर पडले होते. बोलणे मोजके, मिशा मात्र भरघोस. त्या वर्षीच्या डिसेंबरात भामा नदीच्या काठच्या एका गावातून एक म्हातारी आली. नवरा फौजेत होता, त्याच्यामागे तिला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळे. नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला तिच्याकडून राहिला होता आणि त्या महिन्याचे पैसे अडकले होते. मी तिला नियम समजावून सांगितला. कागद वर जाईल, मंजुरी येईल, पुढच्या महिन्यात या, असे सांगून मी फाइलीत डोके घातले. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. म्हातारी निमूटपणे पायऱ्या उतरली.

दुपारी डबा खाताना हवालदारांनी मला विचारले, की साहेबांनी यशवंत घाडगे हे नाव ऐकले आहे का. मी कादंबऱ्या लिहिणारा, चार पुस्तके वाचलेला माणूस. पण नावापलीकडे मला काही सांगता येईना. मग त्यांनी बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरूट असताना ऐकलेली हकीकत सांगितली. पुढे मी ती वाचून, पडताळून पाहिली. ती हवालदारांनी सांगितली तशीच होती.

यशवंत घाडगे याचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावचा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. कोकणातल्या डोंगरकपारीतील गावे. भाताचे एक पीक, आणि ते पोटाला पुरत नाही म्हणून एक पाय मुंबईच्या गिरणीत किंवा फौजेत. यशवंत फौजेत गेला आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक झाला. मी त्याला अरेतुरे करतो आहे, याचा वाचकांनी राग मानू नये. तो गेला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा पोरगा होता. आज माझा मुलगासुद्धा त्याच्याहून मोठा आहे.

नाईक म्हणजे सेक्शनचा, आठ-दहा जवानांच्या तुकडीचा, म्होरक्या. बाकीच्यांच्या हाती रायफली आणि एक ब्रेनगन. म्होरक्याच्या हाती टॉमीगन. ही बंदूक जॉन थॉम्पसन या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाली. पहिल्या महायुद्धातले खंदक झाडून काढायला ती हवी होती, पण ती तयार होईतो युद्धच संपले. बाजारात आली ती १९२१ साली, म्हणजे यशवंतच्याच जन्मवर्षी. सुरुवातीला तिला गिऱ्हाईक फारसे नव्हते. अमेरिकेतल्या दारूच्या चोरट्या व्यापाऱ्यांनी तिचे नाव गाजवले आणि दुसऱ्या महायुद्धाने तिला पलटणीत आणले. दोनशे डॉलरच्या घरातली ही बंदूक युद्धकाळात साधी करत करत पंचेचाळीस डॉलरपर्यंत उतरवण्यात आली. बँकवाल्याला हा आकडा लक्षात राहतोच.

अशा बंदुकांना सबमशीनगन म्हणतात. त्यांत गोळी वापरतात ती पिस्तुलाची. टॉमीगनमध्ये कोल्टच्या १९११च्या पिस्तुलाचीच .४५ इंची गोळी असे. जाड, जड आणि मंद. जवळून माणूस आडवा करील, पण शे-दीडशे पावलांपलीकडे तिचा भरवसा नाही. त्यामुळे ती ज्याच्या हाती, त्याला शत्रूच्या अगदी समोर जावे लागते. मिनिटाला सहाशे-सातशे गोळ्यांचा वेग. मॅगझिनमध्ये गोळ्या मात्र वीस किंवा तीस. म्हणजे घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत शिल्लक शून्य. रिकामे मॅगझिन काढून भरलेले बसवायला सरावलेल्या हातालाही काही क्षण लागतात. हवालदारांनी हे मला जेवणाच्या डब्याचे झाकण काढून आणि लावून दाखवले होते.

१९४४च्या जूनच्या सुरुवातीला रोम पडले आणि जर्मन फौजा डोंगर लढवत उत्तरेकडे सरकू लागल्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन त्यांच्या मागावर होती. १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या मराठा पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंतचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. काही क्षणांत त्याचे सगळे सोबती ठार किंवा जखमी झाले. उभा राहिला तो एकटा यशवंत.

या ठिकाणी हवालदार थोडे थांबले होते. परत फिरायला यशवंतला मोकळीक होती, कुणी बोल लावला नसता. आपल्यामागे आता कुणी येणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. तरी तो मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब फेकला. त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोघेही निकामी झाले. मग टॉमीगनने एकाला टिपले. अजून दोघे उरले होते आणि मॅगझिन बदलायला सवड नव्हती. यशवंतने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांचा निकाल लावला. लगेच दबून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्याने प्राण सोडला.

नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतच सेनिओ नदीच्या काठी पहिल्या मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव असाच एकटा पडला. हा नगर जिल्ह्यातील निमजचा. जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून आणल्यावर तो टॉमीगन घेऊन मशीनगनच्या ठाण्यांवर उलटला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून त्याने हातबॉम्बवर पुढची दोन ठाणी गप्प केली. तो जगला आणि १९८४ साली पुण्यात वारला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यशवंतचा २ नोव्हेंबर १९४४ रोजी जाहीर झाला. तो स्वीकारायला अर्थातच तो नव्हता.

ही माणसे कुणासाठी लढली, हा प्रश्न मलाही छळतो. यशवंत इंग्रजांच्या झेंड्याखाली मेला त्या दिवसांत सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होते आणि चळवळीतली माणसे तुरुंगांत होती. पण ज्याचे आठ-दहा सोबती डोळ्यांदेखत पडले, त्याला त्या क्षणी साम्राज्य दिसले असेल असे मला वाटत नाही. त्याला ती मशीनगन दिसली असेल, आणि तिच्यापुढे विव्हळत पडलेली आपली माणसे.

हवालदारांची गोष्ट संपली. म्हातारीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी संध्याकाळी तिचा कागद शोधून काढला, दुसऱ्या दिवशी पुण्याची बस धरली आणि संबंधित टेबलासमोर बसून मंजुरी घेऊन आलो. फार काही केले असे नाही. नियमाचे मॅगझिन संपले म्हणून मी हात वर केले होते, एवढे मात्र मला त्या दुपारी उमगले.

निवृत्तीनंतर मी ताम्हिणी घाटाने माणगावला जाऊन यशवंतचा पुतळा पाहिला. इटलीतील युद्धात ५,७८२ भारतीय सैनिक पडले आणि तिथे दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे होते. २०२३च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावच्या लोकांनी यशवंतच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याच्यावरच्या लॅटिन शब्दांचा भाव. त्यात यशवंत आला, तसे त्या ठाण्यातले जर्मन पोरगेही आले.

टॉमीगन केव्हाच गेली. स्वतंत्र भारताच्या फौजेत स्टेन आली, मग कानपूरला बनलेली नऊ मिलिमीटरची स्टर्लिंग कार्बाइन. तिच्या मॅगझिनमध्ये ३४ गोळ्या. आमच्या हवालदारांनी नोकरीभर तीच वागवली. चाकणहून तासाभराच्या वाटेवर, पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेत नव्या कार्बाइनचे आराखडे झाले. तिच्याच सहकार्याने सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने तयार केलेले अस्मी हे मशीन-पिस्तूल २०२१ साली देशापुढे आले. बंदुका हलक्या झाल्या, नेम सुधारला. मॅगझिन मात्र आजही संपतेच.

हवालदार आता नाहीत, ती म्हातारीही नाही. नोव्हेंबर आला की मी स्वतःच हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. अंगठा यंत्रावर ठेवताना यशवंतची आठवण होते, कारण त्याचा जन्मही नोव्हेंबरातला. त्याच्या हयातीचा दाखला त्याला स्वतःला देता येत नाही. तो आपणच द्यायचा आहे, आणि तोही वेळेवर.