बेवरसाठी भांडलेला माणूस : व्हेरियर एल्विन

बालाघाट : बैहरकडचं सरईचं जंगल कापलं तर परत उगवतं का? शंभर-सव्वाशे वर्षं बैगांची पोटं या प्रश्नावर अडलेली होती. त्यात बैगांची बाजू लिहून मांडणारा माणूस निघाला इंग्रज, व्हेरियर एल्विन.

जन्म २९ ऑगस्ट १९०२, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील बिशप. ऑक्सफर्डला शिकून १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींकडे ओढले गेले आणि चर्चशी त्यांचं बिनसलं. १९३२ मध्ये संघातलेच सोबती शामराव हिवाळे यांना घेऊन ते मैकल डोंगरातल्या करंजियाला राहायला गेले. हे गाव तेव्हा मंडल्यात होतं, आता डिंडोरी जिल्ह्यात आहे. आपल्याकडे एल्विन माहीत असतात, हिवाळे नसतात. ते बरोबर नाही.

बैगांची शेती म्हणजे बेवर. कोकणात हिलाच दळी म्हणतात. झाडं तोडायची, वाळवायची, पावसाआधी जाळायची आणि राखेत कोदो-कुटकी पेरायची. नांगर नाही, कारण धरतीमातेची छाती फाडायची नाही. दोन-तीन वर्षांनी जमीन सोडून पुढे जायचं. सोडलेल्या जागी आधी गवत-तण येतं, मग झुडपं आणि उन्हात झपाट्याने वाढणारी झाडं. सरईची खोडं जिवंत राहिली असतील तर बुडातून फुटतात आणि वर्षांनी तीच वरचढ होतात. मात्र हा क्रम पुरा व्हायला वेळ लागतो. जमीन कमी पडून बैगा लवकर परतला, तर जंगल गवत-झुडपांवरच अडकतं. म्हणजे जंगल खात्याची काळजी अगदीच खोटी नव्हती. पण इंग्रजांना इमारती लाकूडही हवं होतं. बेवरवर बंदी आली आणि १८९० मध्ये बैगांना मंडल्यातला ‘बैगा चक’ तेवढा राखून दिला. बाकीच्यांच्या हाती नांगर आला.

१९३९ च्या ‘द बैगा’ या जाडजूड ग्रंथात एल्विननी बेवरची बाजू घेतली. बैगांसाठी राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव मुलूख असावा, असंही सुचवलं. त्यावर मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. आदिवासींना असं वेगळं ठेवणं घुर्येंना मान्य नव्हतं. पुढे एल्विनही त्या सूचनेवरून मागे सरले. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले, ईशान्य सीमा भागात सरकारचे सल्लागार झाले, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत ते वारले.

इकडे बालाघाट-मंडल्यात राष्ट्रीय उद्यान झालं, १९५५ मध्ये, कान्हा. पण ते जनावरांसाठी. पुढे आतली बैगा-गोंडांची गावं बाहेर हलवली गेली. सौंफसारख्या गावांच्या सुटलेल्या शेतांवर गवत माजलं आणि १९७० मध्ये ६६ वर आलेला बारासिंगा तिथे सावरला. आता त्या मैदानांत जंगल परत शिरू पाहतं, म्हणून उगवणारी रोपं वनखातंच उपटून काढतं.