हावडा पूल आणि सर राजेंद्रनाथ

कोलकात्याचा हावडा पूल साऱ्या देशाला ठाऊक आहे. हिंदी चित्रपटांनी तो घरोघरी पोहोचविला. मात्र या पुलाचा प्रश्न हाती घेणाऱ्या एका महत्त्वाच्या समितीचे प्रमुख सर राजेंद्रनाथ मुखर्जी महाराष्ट्रात फारसे परिचित नाहीत.

राजेंद्रनाथांचा जन्म २३ जून १८५४ रोजी बंगालमधील बसीरहाटजवळच्या भाबला या गावी झाला. सहाव्या वर्षीच पितृछत्र हरपले आणि आईने त्यांना वाढविले. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले, परंतु आजारपणामुळे पदवी हाती लागली नाही.

या पदवीहीन तरुणाला पलता येथील जलकेंद्राचे काम मिळाले ते अभियंता ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्यामुळे. योगायोग असा, की हुगळीवर १८७४ मध्ये खुला झालेला तरंगता पूल याच लेस्लींनी बांधला होता. पुढे त्याच पुलाला पर्याय शोधण्याची जबाबदारी राजेंद्रनाथांवर यायची होती.

१८९२ मध्ये ॲक्विन मार्टिन यांच्या भागीदारीत त्यांनी मार्टिन अँड कंपनी काढली. बंगालमधील अरुंद मापाच्या रेल्वेगाड्या, व्हिक्टोरिया मेमोरियलची संगमरवरी वास्तू ही या कंपनीची कामे. १९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

दरम्यान तरंगता पूल वाढत्या रहदारीला अपुरा पडू लागला. जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा मधला २०० फुटांचा भाग बाजूला सारावा लागे आणि तेवढा वेळ दोन्ही काठांवर वाहने खोळंबत. १९२१ मध्ये राजेंद्रनाथांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांची समिती नेमण्यात आली. पात्रात खांब उभारले तर गाळ साचेल आणि जहाजांची वाट अडेल, ही खरी अडचण होती. समितीने सर बेसिल मॉट यांचा सल्ला घेतला. त्यांनी एकाच गाळ्याचा कमानी पूल सुचविला. १९२६ मध्ये नव्या पुलाचा कायदा झाला, तरी काम रखडलेच. १९३० मध्ये आणखी एक समिती नेमली गेली. सरकारी कामांची ही गती त्या काळीही वेगळी नव्हती.

अखेर कमानीऐवजी पोलादी कैच्यांचा कॅन्टिलिव्हर पूल ठरला. दोन्ही काठांकडून पुढे आलेले ४६८ फुटांचे बाहू आणि त्यांनी मधोमध पेललेला ५६४ फुटांचा भाग, असा हा १५०० फुटांचा मुख्य गाळा. ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन तो बांधला. त्यांतील बर्न ही तेव्हा मार्टिन कंपनीच्याच छत्राखाली होती. सुमारे २६,५०० टन पोलाद लागले आणि त्यातील २३,००० टन टाटांनी पुरविले. सारे सांधे रिव्हेटचे, नटबोल्ट नाहीत.

राजेंद्रनाथांना मात्र हे पाहता आले नाही. काम सुरू झाले त्याच वर्षी, १५ मे १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. महायुद्धाच्या धामधुमीत ३ फेब्रुवारी १९४३ रोजी पूल गाजावाजा न करता खुला झाला. १९६५ मध्ये त्याला रवींद्रनाथांचे नाव देण्यात आले.

पात्र मोकळे ठेवण्याची किंमत देखभालीत मोजावी लागते. या पुलाचा रस्ता कैच्यांना टांगलेल्या ३९ जोड पोलादी दांड्यांवर पेललेला आहे. दांडा आडव्या तुळईला मिळतो तिथे पाणी शिरू नये म्हणून त्याच्या बुंध्याशी पोलादी टोप्या असतात. पादचारी नेमके तिथेच पान-गुटखा थुंकतात. सहा मिलिमीटर जाडीच्या या टोप्या २००७ नंतर झिजून तीन मिलिमीटरवर आल्याचे २०११ मध्ये बंदर प्रशासनाच्या तांत्रिक पाहणीत आढळले. पक्ष्यांच्या विष्ठेनेही सांधे गंजतात, ती सतत धुवावी लागते. ट्रामगाड्या १९९३ मध्ये बंद करून पुलावरचा भार हलका करण्यात आला. थुंकीवर उपाय म्हणून दांड्यांच्या बुंध्यांना फायबरग्लासचे आवरण चढविण्यासाठी प्रशासनाने वीस लाख रुपयांची तरतूद केली.