आचार्य धर्मानंद कोसंबी : परमुलखातील बिऱ्हाड

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या दारी पालक आपली मुले आणून सोडतात. पेटी खाली ठेवल्यावर आईचा पाय निघत नाही आणि वडील उगाच दुसरीकडे पाहत राहतात. ४ जून हा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. ज्ञानासाठी घर सोडणे आणि मुलांना घरापासून दूर नेणे, या दोन्हींची किंमत या महापुरुषाने व त्यांच्या कुटुंबाने मोजली. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. पण वाचनातून बुद्धाची ओढ लागली. १८९९ साली पत्नी बालाबाई आणि तान्ही कन्या माणिक यांना मागे ठेवून ते बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत १९०२ साली ते श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणी त्यांनी पाली भाषेचे अध्ययन केले. सुमारे सात वर्षांनी ते घरी परतले, तोवर माणिक बापाला ओळखण्याचे वय बापाविनाच ओलांडून गेली होती.

कलकत्त्यातील अध्यापन सोडून महाराष्ट्रात पालीचा प्रसार करण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर पुढे १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, हे आपण विसरू नये.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या थोर ग्रंथाच्या संशोधनाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद १९१० साली प्रथम तेथे गेले, ते एकटेच. संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ साली काम अर्धवट टाकून ते परतले. पुढे सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. गोव्याहून निघालेल्या या संसाराला पुण्यात कोठे स्थैर्य लाभत होते, तोच १९१८ साली हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले.

या वेळी त्यांनी दोन मुलांना बरोबर घेतले. माणिक एकोणीस वर्षांची, दामोदर अकरा वर्षांचा. बालाबाई मनोरमा आणि कमला या धाकट्या मुलींसह मायदेशी राहिल्या. बॉस्टनजवळ, चार्ल्स नदीच्या काठी वसलेल्या केंब्रिज शहरात या तिघांनी बिऱ्हाड थाटले. त्या घरात आई नव्हती. कित्येक महिने बर्फाखाली असणारा प्रदेश, परकी भाषा, परके अन्न, आणि जगाला महायुद्धाने व इन्फ्लुएन्झाच्या साथीने घेरलेले ते वर्ष. कोकणपट्टीच्या उबेत जन्मलेल्या मुलांना ते पहिले दिवस सोपे गेले असतील, असे आम्हांला वाटत नाही.

पण त्या घरात शिक्षणाला खंड पडला नाही. दामोदर तेथील प्राथमिक शाळेत आणि नंतर केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये शिकू लागला. स्थानिक बालवीर पथकातही तो सामील झाला. शहर आपलेसे करण्याचा मुलांचा मार्ग असाच असतो. माणिकने रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयात अध्ययन केले. मुलींना अक्षरओळख करून देणेही ज्या काळी आपल्याकडे धाडसाचे मानले जाई, त्या काळी एका बापाने आपल्या मुलीला समुद्रापार उच्च शिक्षणास नेले, ही गोष्ट आम्हांला विसुद्धिमग्गाच्या संपादनाइतकीच मोठी वाटते.

१९२२ साली धर्मानंद मायदेशी परतले. दामोदर मात्र शिक्षणासाठी मागे राहिला. पंधरा वर्षांचा मुलगा, हजारो मैलांवर आई. हाच मुलगा १९२९ साली हार्वर्डची पदवी सर्वोच्च सन्मानाने मिळवून आला आणि थोर गणितज्ञ व इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला परिचित झाला. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना राजांच्या वंशावळी बाजूला सारून नांगर, जमीन आणि श्रमणारा माणूस पाहावयास शिकविले.

पित्याचे कार्यही थांबले नाही. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. १९३७ साली मुंबईत परळ येथे श्रमिक व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी 'बहुजन विहार' उभारला. विसुद्धिमग्गाची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० साली, त्यांच्या पश्चात. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी शांतपणे देह ठेवला.

या चरित्राचा गौरव करताना बालाबाईंचे नाव सहसा घेतले जात नाही. आम्ही ते येथे आदराने घेतो. प्रथम पती आणि मग दोन मुले ज्ञानाच्या वाटेने दूर गेली, तेव्हा मागे राहून संसार सावरणारी ती माता होती. आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या मागे अशीच एखादी आई गावी उभी होती. शाळेचा इतिहास लिहिताना तिचेही नाव पटावर असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.